न सरकलेला रोल

मी बोलतोय. तिकडे नाही, वर बघा. कपाटाच्या वरच्या खणात, घडी करून ठेवलेल्या स्वेटरांच्या मागे काळ्या चामड्याची पिशवी दिसतेय ना, तिच्यातला मी.

मी एक कॅमेरा आहे. हल्लीच्यासारखा नाही, रोलचा. छत्तीस फोटोंचा रोल भरायचा, एक फोटो झाला की उजवीकडची दांडी ओढून फिल्म पुढे सरकवायची, रोल संपला की दांडी अडते, मग तो गुंडाळून धुवायला द्यायचा. अंगानं दणकट, स्वभावानं सरळ. समोर असेल ते दाखवायचं, पदरचा मीठमसाला लावायचा नाही, ही माझी रीत. अशा माझ्याकडून एकदा, सकाळपासून दुपार टळेपर्यंत, दोन भल्या माणसांची घोर फसवणूक झाली. पोटात ठेवून मोडीत निघावं अशी ती गोष्ट नाही, म्हणून सांगतो.

जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जुळवलं. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मला कानाशी धरून शटर ऐकलं आणि मान डोलावली. तेवढंच माझं बारसं.

पहिला मालक लग्नांचे फोटो काढायचा. तीन वर्षं मी जेवणारी तोंडं पाहिली. घास तोंडात असताना फोटो निघाला की माणसं वर्षभर अबोला धरतात, हे मला तिथं कळलं. मग त्याला माझ्यापेक्षा चांगला मिळाला, आणि मी मिस्त्रींच्या हातात आलो.

मिस्त्री म्हणजे विमानं दुरुस्त करणारे मेकॅनिक. गावाबाहेर एक जुना विमानतळ होता, गवताच्या धावपट्टीचा. मोठी विमानं तिथं कधीच उतरत नसत. म्हाताऱ्या झालेल्या विमानांचं ते घर. त्यांची काळजी मिस्त्रींकडे.

मिस्त्रींना फोटोची हौस नव्हती, गरज होती. एखादं इंजिन उघडायचं तर आधी त्याचा फोटो. झाकण काढलं, दुसरा. नळ्या सोडवल्या, तिसरा. परत जुळवताना ते फोटो ओळीनं मांडून बसायचे आणि एकेक नट जागच्या जागी घालायचे. माझ्या भिंगाला त्या दिवसांत ग्रीसचा वास असायचा. खरं सांगू? लग्नांपेक्षा मला ते आवडायचं. नट कधी म्हणत नाही की माझं नाक मोठं आलं.

त्यांची लाडकी म्हणजे 'म्हातारी'. वर-खाली दोन-दोन पंख, मधे ताणलेल्या तारा, पंखांवर रंगवलेलं कापड, पुढेमागे दोन उघड्या बैठकी. शेकडो पायलट तिच्यावर उडायला शिकले. मिस्त्रींची बायको म्हणायची, "तिच्या निम्मं तेलपाणी माझं केलं असतंत, तर मीही उडाले असते!"

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. माझ्या डाव्या खांद्यावर एक छोटी चकती आहे. आत फिल्म नीट धरली गेली असेल, तर दांडी ओढताना ती चकती आपोआप फिरते. फिल्मचं टोक सुटलं असेल तर ती ढिम्म हलत नाही. बाकी सगळं मात्र सुरळीत चालतं. दांडी ओढली जाते, शटर वाजतं, आकडा पुढे जातो. फक्त फोटो निघत नाही. मिस्त्रींच्या बायकोनं त्या चकतीवर आपल्या नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता, फिरते ती चटकन दिसावी म्हणून.

आणि त्या घरात एक नियम होता, विमानाच्या कामातून आलेला. विमानाचा बोल्ट आवळला की आवळणाऱ्यानं झालं म्हणून निघून जायचं नाही. दुसऱ्या कुणी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि 'बघितलं' म्हणायचं. त्या एका शब्दाच्या भरवशावर माणसं आभाळात जात. मिस्त्री म्हणायचे, "आपल्या चुकीला आपलेच डोळे फितूर असतात." घरातही तेच. बायकोनं गॅस बंद केला की मुलीनं जाऊन 'बघितलं' म्हणायचं. मुलीनं कुलूप लावलं की मिस्त्री ते ओढून 'बघितलं' म्हणायचे. माझ्यात रोल एकानं भरायचा, चकती दुसऱ्यानं बघायची. शेजारी हसायचे. हसोत बापडे.

वर्षं गेली. मिस्त्रींची बायको वारली, मिस्त्री निवृत्त झाले, मुलगी नर्स झाली आणि मी कपाटात गेलो. अंधारात बसून मी बुरशीची वाट बघत होतो म्हणा ना.

मग एक दिवस बातमी आली. विमानतळ बंद होणार. विमानं इकडेतिकडे जाणार. म्हातारीला दूरच्या शहरातल्या संग्रहालयात ठेवणार, आणि तिथवर ती स्वतःच्या पंखांनी उडत जाणार. त्याआधी एक दिवस सगळ्यांना मोकळा, या आणि फोटो काढा.

त्या संध्याकाळी मुलीनं फोटोंचे सगळे खोके जमिनीवर ओतले. दोन तास उलथेपालथे केले, आणि मग तशीच मांडी घालून बसून राहिली.

"बाबा, म्हातारीचे दोनशे फोटो आहेत. तुमचा तिच्याजवळचा एक नाही. एक!"

"मी काढत होतो ना गं. मी कसा येणार?"

"ते काही नाही. त्या दिवशी मी काढणार. तुम्ही आणि म्हातारी. मला तो फोटो हवाय."

तेवढंच तिचं मागणं होतं. आयुष्यात फार काही मागणारी पोर नव्हती ती.

तो दिवस उजाडला. खाली गाडी येऊन उभी राहिली, हॉर्नवर हॉर्न. मुलीनं घाईघाईत रोल भरला. फिल्मचं टोक माझ्या आतल्या खाचेत घालून अंमळ धरून ठेवावं लागतं. तिनं जरा लवकर सोडलं. झाकण लावलं, पहिली दांडी ओढली, आणि ते टोक खाचेतून निसटलेलं मला कळलं.

पण मी म्हटलं, हरकत नाही, मिस्त्री आहेत. नियमाप्रमाणे तिनं मला त्यांच्यासमोर धरलं आणि दुसऱ्यांदा दांडी ओढली.

"बघा बाबा. फिरतेय ना?"

मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ज्याला दिसतं त्याची नजर त्या लाल ठिपक्यावर येऊन अडकते. मला सवय आहे तिची. त्यांची नजर अडकली नाही. माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर गेली.

"हो, बघितलं," मिस्त्री म्हणाले. "चल, उशीर होतोय."

उभ्या हयातीत त्या माणसानं तो शब्द न बघता कधी उच्चारला नव्हता.

विमानतळावर जत्रा लोटली होती. गळ्यात तीन-तीन कॅमेरे अडकवलेली मंडळी, शिडीवर चढलेली, गवतात पालथी पडलेली. माझे सगळे जातभाई. एकेकाचं भिंग हातभर लांब! विमानं ओळीनं उभी, धुऊनपुसून. पहाटेचं दव पंखांवरून अजून ठिबकत होतं. ऊन तिरकं, कोवळं. फोटोला याहून चांगला उजेड शोधून सापडायचा नाही, आणि माझ्या आत फिल्म आपल्या डबीत गुरफटून झोपलेली.

मुलीनं आधी इतर विमानांचे दहा-अकरा फोटो काढले. हात बसावा म्हणून. प्रत्येक वेळी दांडी ओढली जायची, आकडा सरकायचा, आणि चकती मेल्यासारखी पडून. तिचं लक्ष तिकडे जाण्याचं कारणच नव्हतं. चकती बघणं दुसऱ्याचं काम, आणि दुसऱ्यानं बघितलं होतं.

मग म्हातारी आली. म्हणजे आम्ही तिच्याकडे गेलो. मिस्त्रींनी तिच्या पंखाच्या टोकाला हात लावला आणि कडेकडेनं हात फिरवत पार अंगापर्यंत गेले. तारा चाचपल्या, कापडाची शिवण बोटांनी मोजली. मुलीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, माया. माया होतीच. पण वाटेत ठेवलेल्या तेलाच्या डब्याला त्यांचा पाय लागला, तेव्हा ते खाली न बघता तसेच थांबले, हे तिनं नाही पाहिलं. मी पाहिलं.

"बाबा, तिच्यासमोर उभे राहा. नाकावरच्या पंख्याजवळ."

"पंख्यासमोर कधी उभं राहायचं नाही."

"अहो, इंजिन बंद आहे!"

"असू दे. ती झोपलीय असं आपल्याला वाटतं. इकडे उभा राहतो, पंखापाशी."

उभे राहिले. ताठ, हात पँटच्या शिवणीला, तोंड असं की जणू इंजिनाचा अहवाल द्यायचाय. बारा, तेरा, चौदा. मुलगी म्हणत होती, हसा ना जरा. हसणं त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं.

तेवढ्यात म्हातारीला घेऊन जाणारा पायलट आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला. तोही तिच्यावरच शिकलेला. पहिल्याच दिवशी वरून उतरताना तिच्या बैठकीत ओकला होता, आणि ते मिस्त्रींनी बिनबोभाट पुसलं होतं.

"मिस्त्री, आज नाश्ता न करता आलोय," तो म्हणाला. "म्हटलं, उतारवयात तुम्हाला पुसायला लावायचं बरं दिसत नाही!"

आणि मिस्त्री हसले. मान मागे टाकून, दात दाखवून, खांदे गदगदा हलवत. मी त्यांच्या हातात इतकी वर्षं काढली, असं हसू समोरून मला कधी दिसलं नव्हतं. त्यांच्या एका हातात म्हातारीची तार, दुसरा पायलटच्या खांद्यावर, ऊन थेट तोंडावर.

"मिळाला!" मुलगी ओरडली.

शटर वाजलं. आकडा बावीस. काही मिळालं नव्हतं. कॅमेऱ्याच्या जन्माला येऊन असा क्षण भिंगातून जाऊ द्यावा लागला, यापरता भोग नाही.

पुढे जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. निघायची वेळ झाली. म्हातारीचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करावं लागे. पंखा ओढायचा आणि लगेच मागे व्हायचं. पाय चुकला, तर माणूस संपला. ते काम नेहमी मिस्त्रींचं. पायलट म्हणाला, "या मिस्त्री. शेवटचा पंखा तुमच्याच हातचा."

टाळ्या सुरू झाल्या. सगळे कॅमेरे वर झाले.

मिस्त्रींनी एक पाऊल टाकलं आणि थांबले.

"नको," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. मुलीलाही तसंच वाटलं, तिनं त्यांचा दंड धरला. मला मात्र खरं कळलं. विमानाच्या बाबतीत हा माणूस तेव्हाही खोटं बोलला नाही. माझ्या बाबतीत बोलला. राग आला मला त्यांचा, लपवत नाही. विमानावर माणसाचा जीव असतो, कबूल. पण माझ्यावरही त्या दिवशी कुणाचा तरी जीव लागलेला होता.

दुसऱ्या मेकॅनिकनं पंखा फिरवला. म्हातारी खोकली, धूर सोडला आणि धडधडू लागली. गवतावरून धावली, उचलली गेली, एक फेरी मारून आमच्या डोक्यावरून गेली. मुलगी फोटोमागून फोटो काढत होती. पस्तीस. छत्तीस. सदतीस. कधीकधी एखाददुसरा जास्तीचा निघतो, तसं समजून तिनं अडतिसावाही काढला. म्हातारी ठिपक्याएवढी झाली. मुलीनं पुन्हा दांडी ओढली. सहज ओढली गेली.

मिस्त्री आभाळाकडे तोंड करून उभे होते. कान मात्र इकडे होते. तो इंजिनाचा कान.

"कितवा गं?"

"एकोणचाळीस."

"दे इकडे."

त्यांनी मला हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं माझ्या चकतीवर ठेवली आणि अलगद फिरवली. आत फिल्म ताणलेली असती तर बोटांना ओढ लागली असती. चकती सैल, गरगरत गेली. म्हातारीचा आवाज तेव्हा अजून ऐकू येत होता. मग तोही थांबला.

"पोरी," मिस्त्री म्हणाले, "यात काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"फिल्म पुढे गेलीच नाही. सकाळपासून. एकही फोटो नाही."

"पण तुम्ही बघितलंत! तुम्ही म्हणालात, बघितलं!"

"नव्हतं बघितलं," मिस्त्री म्हणाले. "मला दिसत नाही गं. वर्ष झालं. धुक्यात असल्यासारखं सगळं. तू समोर उभी आहेस ते कळतं, तुझं नाक कुठाय ते कळत नाही."

"मग सांगायचं होतं ना! मी नर्स आहे बाबा! दिवसभर परक्यांचे डोळे बघते, आणि तुम्ही माझ्याच घरात..."

"सांगितलं असतं तर तू मला एकट्याला सोडलं नसतंस. नोकरी सोडून बसली असतीस, ओळखतो ना मी तुला."

"निदान चकतीला हात तरी लावून बघायचा!"

"हात लावला असता तर तुला कळलं असतं," मिस्त्री म्हणाले. "म्हणून नाही लावला."

मुलगी गवतात बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरासारखी. आजूबाजूचे लोक नजर चुकवून निघून गेले. रडता रडता तिनं बरंच काही बोलून घेतलं. म्हणाली, "मला काय हवं होतं? एक फोटो. तुमच्या रोलमध्ये चौतीस नट-बोल्ट असायचे आणि माझ्या वाट्याला शेवटचे दोन, ते पण रोल संपवायला म्हणून! मी कधी काही बोलले? आज एक मागितला, तर तोही..."

मिस्त्री ऐकून घेत उभे राहिले. खरं होतं ते. मला माहीत आहे, ते शेवटचे दोन मीच काढायचो.

मग ते म्हणाले, "रोल कोराच आहे ना अजून?"

"हो. काय करायचंय त्याचं? म्हातारी गेली."

"भर परत. नीट."

तिनं डोळे पुसून भरला. या वेळी टोक धरून ठेवलं. मिस्त्रींनी चकतीवर बोट ठेवलं, तिनं दांडी ओढली, आणि चकती त्यांच्या बोटाखाली फिरली. हायसं वाटलं मला.

तिला वाटलं, आता बाबा उभे राहणार. रिकाम्या गवतावर, म्हातारीच्या चाकांच्या खुणांपाशी. तर मिस्त्रींनी मला स्वतःच्या गळ्यात अडकवलं.

"तू उभी राहा. तिथं. तुझ्यापासून मी पाच पावलं मोजतो."

"माझा कशाला? बाबा, रडून माझं तोंड बघा काय झालंय!"

"तेच तर बघायचंय," मिस्त्री म्हणाले. "अजून थोडं दिसतंय तोवर."

त्यांनी पावलं मोजली, अंतराचं कडं बोटांच्या अंदाजानं लावलं, उजेडाचा आकडा तिच्याकडून लावून घेतला आणि मला डोळ्याला लावलं. त्यांच्या पापण्या ओल्या होत्या, माझी काच धुरकटली. पहिला फोटो. मग जरा पुढे येऊन दुसरा. मग बाजूनं. "इकडे बघ. हनुवटी वर. आता बोल काहीतरी, आवाजावर अंदाज येतो." ती बोलत राहिली, त्यांच्यावर चिडत राहिली, मधेच हसली, परत रडली. छत्तीसच्या छत्तीस. एकही नट नाही, एकही बोल्ट नाही. शेवटी माझी दांडी अडली, तेव्हा मिस्त्रींनी मला खाली घेतलं.

फोटो धुणाऱ्या दुकानदारानं तिला विचारलं, "ताई, अकरा फोटोंत डोकंच नाही, बाकीचे हललेत. यातले कुठले छापू?"

"सगळे," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ती मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डोळ्यामागची नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. आणखी वर्षभर लपवलं असतं तर राखायलाही काही उरलं नसतं. म्हणून मी माझी पाठ थोपटून घेत नाही. माझ्या आत चूक घडत होती आणि मी गप्प होतो, यात माझी काय शाबासकी? पण तो धुक्यातला एवढासा उजेड त्यांना शेवटपर्यंत पुरला, हेही खरं.

नंतर तिनं त्यांचे पुष्कळ फोटो काढले. खुर्चीतले, दारातले, नातीला मांडीवर घेतलेले. म्हातारीजवळचा मात्र नाही. ते हसू कुठल्याच कागदावर नाही. भिंगातून ते फक्त मी पाहिलंय, आणि तिनं.

मिस्त्रींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं शटर गंजून बसलंय, भिंगावर बुरशीचं जाळं आहे, आणि माझ्या मापाचा रोल आता सहज मिळत नाही म्हणतात. तक्रार नाही. समोरच्या भिंतीवर त्या छत्तिसातला एक फोटो टांगलाय. तिरका, हललेला, कपाळ कापलेलं, नाक लाल. पाहुणे विचारतात, इतका वाईट फोटो का लावलाय? ती सांगते, बाबांनी काढलाय.

येतो मी. जाता जाता एक सांगू? तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जो सगळ्यांचे फोटो काढतो आणि स्वतः कशातच नसतो. त्याच्या हातातलं यंत्र काढून घ्या आणि त्याला उजेडात उभं करा. तो नको म्हणेल, तरी करा. आणि कुणी तुम्हाला 'बघ रे' म्हणालं, तर खरंच बघा. दिसत नसेल, तर दिसत नाही म्हणून सांगा. लाज वाटली तरी सांगा. फोटो परत काढता येतो की नाही, ते पुढचं पुढे बघू.